व्याही, तळघर थंड आहे

व्याही,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. उभा जन्म सरकारी कचेरीत गेल्यामुळे पत्राच्या वर विषय लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. तर विषय असा: माझ्या रोहिणीचं तुमच्या विजयशी लग्न झालं, त्या दिवशी तुमच्या तांड्यावर वाढलेल्या ताटावरून मी उठून गेलो, त्याची माफी. गेली तीन वर्षं दर गुरुवारी ही माफी मी पुसदहून स्कूटरवर तुमच्याकडे आणत होतो आणि तशीच परत नेत होतो. तुम्ही ती मला मागूच दिली नाहीत. आता तुम्हाला मध्येच विषय बदलता येणार नाही, म्हणून म्हटलं, बसावं लिहायला.

लग्नातलं सगळं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते कुणापाशी उघड बोललेलो नाही. आमचं घर तीन पिढ्या कचेरीत खुर्च्या उबवणारं. चार लोकांत मी सुधारक होतो, पण मुलगी बंजाऱ्याच्या घरी द्यायची म्हटल्यावर आतून आक्रसलो होतो. तुम्ही मात्र माझ्यासाठी वेगळी चूल मांडली, पुसदहून आमच्यातलाच आचारी आणला, भांडी नवी कोरी घेतली आणि स्वतः ताटापाशी उभे राहिलात. मी दोन घास चिवडले, पित्त झालंय म्हणालो आणि उठलो. पित्त नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तब्येत सांभाळा इवाई," आणि गाडीपर्यंत पोचवायला आलात. व्याहीचं 'इवाई' तेव्हा माझ्या कानाला खुपलं होतं. त्यानंतर चार वर्षं मी तांड्यावर पाऊल टाकलं नाही.

मग तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शेतात जायचं बंद झालं. रिकामे बसलात की तुम्ही घरातल्या सगळ्यांना कामाला लावता, म्हणून विजय-रोहिणीने हैदराबादला परत जाताना त्यांचा जुना लॅपटॉप तुमच्याजवळ ठेवला आणि त्यात तो वस्ती बसवायचा खेळ घालून दिला. आठ दिवसांनी रोहिणीचा मला फोन आला. "बाबा, त्यांना सूचना वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. सगळं इंग्रजीत आहे." मी म्हटलं, तांड्यात काय शिकलेली माणसं नाहीत? ती म्हणाली, "आहेत, पण ती भराभरा वाचून मोकळी होतात. तुम्ही शासन निर्णय वाचल्यासारखं वाचता. त्यांना तसं पाहिजे." पोरीने बापाची बरोबर नस पकडली. गुरुवारी मी स्कूटर काढली.

वाटभर मी ठरवत होतो की गेल्या गेल्या काय बोलायचं. चार वर्षांनी दारात उभा राहिलो तर तुम्ही खाटेवर पाय लांब करून बसलेले, पुढ्यात ज्वारीचं पोतं, पोत्यावर लॅपटॉप. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "या इवाई. माह्या वस्तीतले लोक मरून राह्यले."

हे आपलं चार वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. मी चप्पल काढली, चष्मा लावला आणि वाचायला बसलो.

खेळ तसा सोपा होता. डोंगराच्या पायथ्याशी नऊ माणसं येऊन उतरलेली. त्यांनी झाडं तोडायची, घरं बांधायची, कोबी-बटाटे पिकवायचे, मासे धरायचे. हिवाळ्यात बर्फ पडायचा आणि उन्हाळ्यात असं ऊन तापायचं की साठवलेलं अन्न चार दिवसांत सडायचं. म्हणून डोंगर पोखरून तळघर करायचं, त्यात अन्न ठेवायचं आणि ते थंड राखायचं. तळघरावर पडद्यावरचा बाण नेला की तिथलं तापमान दिसायचं. हा आकडा शून्याखाली गेला की अन्न वर्षभर टिकणार. बाकी सगळं तुम्ही माझ्याशिवाय जमवलं होतं. नऊच्या नऊ जणांना नावंही ठेवली होती. डोक्यावर ओझं घेऊन सारखी ये-जा करणारी ती जमनी. झाडाखाली उभा राहून काही न करणारा तो हेडक्लार्क. त्याचं नाव बदलायला तुम्हाला एक वर्ष लागलं.

अडत होतं ते तळघरापाशी. मी सूचना वाचत गेलो आणि आपण थंडाव्याचं यंत्र उघडलं. पडद्यावर त्याचं चित्र आलं: चौकोनी खोकं, मधोमध पंखा. आपण दोघांनीही ते जन्मापासून पाहिलेलं. समोर तुमचा कूलर घरघरत होता आणि त्याच्या समोरची खिडकी नेहमीप्रमाणे सताड उघडी होती. तुम्ही म्हणालात, "तळघराले समोरून एक झरोका पाडा. नाहीतर उमस होते." सूचनेत एक ओळ होती की खोली सगळीकडून बंद असावी. ती मी ठासून दोनदा वाचली.

तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंत. "हे लिवनाऱ्यानं यवतमाळचा मे महिना पाह्यला काय?"

मी म्हटलं, नसेल पाहिला.

"मंग? बंद खोलीत हे चालवाचं म्हनजे घामानं भिजाचं. काढा झरोका."

आणि व्याही, अख्ख्या नोकरीत नियमाबाहेर एक ओळ न लिहिलेल्या माणसाने त्या दिवशी नियम बाजूला ठेवला. कारण तुमचं मलाही पटलं होतं. आपल्याकडे शहाणा माणूस बंद खोलीत हे खोकं लावत नाही, हे पुसदमधल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

दोन महिने आपण त्या तळघराशी झटापट केली. बाहेर तेहेतीस तर आत एकतीस. तुम्ही म्हणालात यंत्र लहान पडते, म्हणून दुसरं बसवलं, मग तिसरं, मग चौथं. ती चालवायला पवनचक्क्या उभ्या केल्या, त्या उभ्या करायला माणसं शेतीवरून काढली, आणि शेती पडीक राहिली. झरोकाही कमी पडत असेल म्हणून मी तो मोठा केला, हे मात्र माझं डोकं. कोबी सडली, मासे सडले, दोघं जण बोचकी बांधून वस्ती सोडून गेले. एका गुरुवारी मी आलो तर तुमचा चेहरा उतरलेला. "जमनी उपाशी झोपली इवाई," तुम्ही म्हणालात. मला वाईट वाटलं. परत जाताना स्कूटरवर मी तिचाच विचार करत होतो, आणि माझं मलाच नवल वाटलं.

विहीणबाई हे सगळं बाजूला बसून तूर निवडता निवडता पाहत होत्या. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "त्या घराले दार काहून नाही लावत?"

तुम्ही म्हणालात, "हवा जाले पायजे ना."

त्या सूप खाली ठेवून आत गेल्या, स्वयंपाकघरातल्या फ्रीजचं दार पूर्ण उघडून आल्या आणि पुन्हा तूर निवडायला बसल्या. आपण दोघं पाहतच राहिलो. फ्रीज घरघरायला लागला. आतला दिवा, दुधाचं पातेलं, सगळं आपल्याला खाटेवरून दिसत होतं.

"दूध नासलं तर मले सांगू नका," विहीणबाई म्हणाल्या.

मला आठवतं, आधी तुम्ही हसायला लागलात. ऑपरेशनचा पाय दुखतो म्हणून गुडघा धरून हसत होतात. मग मला राहवेना. दोन महिने, चार यंत्रं, सहा पवनचक्क्या, आणि शेजारच्या खोलीत उत्तर उभं होतं. त्या हसण्यात मी पहिल्यांदा तुमच्या खांद्यावर थाप मारली. हे तुम्हाला जाणवलं की नाही कोण जाणे, पण माझ्या लक्षात आहे.

झरोका बुजवला तसा आकडा एकोणीसवर आला. पण एकोणीसवर मासा टिकत नाही. मी पुढची सूचना वाचली: यंत्र पुढून गारवा देतं आणि मागून गरम हवा फेकतं. तुम्हाला ती गरम हवा वाया घालवणं पटेना. "एवढी गरमी बाहेर कायले फेकता? सैपाकखोलीत सोडा. सैपाकी गरम राहीन." हिवाळ्यात तुमची युक्ती झकास चालली. उन्हाळा लागला आणि स्वयंपाकी चुलीपाशी ऊन लागून आडवा झाला. तुम्ही मला विचारलंत, त्याच्या खिशात कांदा कसा ठेवायचा. मी सगळ्या सूचना धुंडाळल्या, कांद्याचा उल्लेख कुठेच नव्हता. "काय लोकाईनं बनवला हा खेळ," तुम्ही म्हणालात, आणि त्यानंतर यंत्राची पाठ आपण निमूटपणे डोंगराबाहेर काढली.

उरला प्रश्न दाराचा. जमनी दिवसातून तीस वेळा ओझं घेऊन आत जायची आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की आकडा वर चढायचा. आपलं खरं भांडण इथे सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. तळघराच्या पुढे एक छोटी खोली करायची, तिला बाहेरून एक दार, आतून एक दार. येणाऱ्याने ओझं पुढच्या खोलीत टाकायचं आणि निघून जायचं. दिवसातून एकदा एकाच माणसाने ते आत नेऊन लावायचं. ही कल्पना माझी, असं मी आजही म्हणतो. मी तिला आवक-जावक विभाग असं नावही दिलं होतं. कागद काय थेट साहेबाच्या टेबलावर जातो? आधी आवकमध्ये पडतो, मग एकगठ्ठा आत जातो.

तुम्ही ऐकून घ्यायला तयारच नव्हता. "आमचे पंजे-आजे बैलावर मीठ नेत, दाने नेत. माल उतरवाची जागा अलग, ठेवाची जागा अलग. हे आमाले कोन्या हापिसानं नाही शिकवलं." विजयने फोनवर सांगितलं की खेळ खेळणारे सगळेच असं करतात, त्याला दोन दारांची खोलीच म्हणतात. तेव्हा आपण दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. तुम्ही असता तर पुढच्या गुरुवारी हा वाद पुन्हा निघाला असता. माझ्या बाजूने मी तो सोडलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

त्या खोलीनंतर आकडा उतरत गेला. सात, चार, शून्य. हिवाळ्यात तळ्यातल्या बर्फाच्या लाद्या कापून तुम्ही भिंतींना लावल्या. लादीचा बर्फ तुम्ही फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. त्यामुळे एवढा बर्फ तळ्यात पडून आहे हे पाहून तुम्ही उरलेल्या सातही माणसांना तिकडे जुंपलं होतं. मग खेळातला उन्हाळा आला. योगायोगाने आपल्याकडेही मे होता, तुमच्या अंगणातल्या पत्र्यावर पाय ठेववत नव्हता. आपण कूलरसमोर, अर्थातच खिडकी उघडी ठेवून, बाण तळघरावर रोखून बसलो. बाहेर एक्केचाळीस. आत उणे दोन. खेळातला एकेक दिवस सरत गेला आणि आकडा हलला नाही. पहिला पाऊस पडेपर्यंत तळघरात मासे होते, कोबी होती, आणि जमनी दोन वेळा जेवत होती.

तुम्ही लॅपटॉप बाजूला सारून म्हणालात, "तिकडचे जेवले. आता तुमी जेवा इवाई."

तोवर मी तुमच्याकडे फक्त चहा घेत होतो. तुम्ही एकदाही आग्रह केला नव्हता. त्या दिवशी विहीणबाईंनी ताट आणलं: कैरी घातलेलं तुरीचं वरण, लसणाचा ठेचा आणि तुमच्या बोलीत जिला बाटी म्हणतात ती ज्वारीची गरम भाकरी. वेगळी चूल नव्हती, नवं भांडं नव्हतं. मी चार भाकरी खाल्ल्या. त्या ठेच्याने दुसऱ्या दिवशी मला खरोखरचं पित्त झालं आणि मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण माझ्या पित्तावर कोण विश्वास ठेवणार होतं? आज सांगतो. दोन दिवस पोटात आग होती आणि मी खुशीत होतो.

माफी मागायला मी त्याच दिवशी सुरुवात केली होती. हात धुऊन आलो, तुमच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "व्याही, त्या लग्नात मी जे..." तुम्ही लगेच पडद्याकडे बोट दाखवलंत. "इवाई, ते पाहा, जमनीनं दार उघडं टाकलं." मी घाईघाईने बाण नेला. दार बंद होतं. पुढे दिवाळीत पुन्हा प्रयत्न केला. "व्याही, मला एक बोलायचंय, पानावरून उठल्याचं..." "दार पाहा इवाई." मी पाहिलं, बंद. तिसऱ्या वेळी मी चिडलो. म्हटलं, दार तर बंदच आहे. "हो ना, बंदच हाये," तुम्ही शांतपणे म्हणालात, "पन पाह्यलेलं बरं." चौथ्या वेळीसुद्धा मी वळून पाहिलं. मला वाटायचं तुमचं मन त्या खेळात इतकं गुंतलंय की माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतच नाही. कधी वाटायचं, तुम्ही मनातून माफ केलेलं नाही आणि तोंडाने तसं म्हणायचं नाही म्हणून टाळता. हे दुसरं मला फार बोचायचं.

आपला शेवटचा वाद वस्तीच्या फाटकावर झाला. हिवाळ्याच्या तोंडाशी पाच नवी माणसं येऊन उभी राहिली, आत घ्या म्हणून. मी आकडेमोड केली. वस्तीत आता वाढत वाढत चौदा जण झाले होते आणि तळघरातलं अन्न चौदांनाच उन्हाळाभर पुरणार होतं. शिवाय त्या पाचांत एक म्हातारा, एक लंगडी बाई. मी म्हटलं, नियमात बसत नाही. तुम्ही बाण फाटकावर नेलात. मग म्हणालात, "आमचे लोक बैल घेऊन गावोगाव फिरत. कोनी गावाच्या बाजूले उतरू दे, कोनी हाकलून दे. माही आजी उतरू देनाऱ्या गावाईची नावं सांगे. हाकलनाऱ्याईची तिले एकही याद नोती." मी म्हटलं, विचार करून गुरुवारी ठरवू. तुम्ही म्हणालात, ठीक हाये. मंगळवारी सकाळी तुम्ही पुष्कळ दिवसांनी तुरीच्या शेतात गेलात आणि दुपारी तुम्हाला चौघांनी घरी आणलं.

परवा गुरुवार होता. मी स्कूटर काढली तेव्हा हिने विचारलं, आता कुठे निघालात? मी किक मारली. तांड्यावर आलो. विजय-रोहिणी तालुक्याला कागदपत्रांच्या कामाला गेले होते. विहीणबाई एकट्या होत्या. त्यांनी न विचारता लॅपटॉप आणून पोत्यावर ठेवला. मी तो उघडला, फाटक उघडलं आणि पाचही जणांना आत घेतलं. अन्न कमी पडेल, दिसतंच आहे. आणखी कोबी लावू. बाण तळघरावर नेला. उणे तीन होतं.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्हाला नाही तर निदान विहीणबाईंना तरी सांगावं. "विहीणबाई, मला व्याह्यांना एक सांगायचं राहून गेलं. लग्नाच्या दिवशी मी..."

"मले मालूम हाये भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याईलेही मालूम होतं."

मी विचारलं, मग मला एकदा तरी बोलू का दिलं नाही?

विहीणबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या चक्क हसल्या. "ते म्हनत, इवाई दर गुरवारी माफी मांगाले येते. मांगू द्याची नाही. एक डाव मांगली का मानूस मोकळा होते, मंग कायले येईन इकडं?"

तुमच्या खाटेवर बसून मी रडलो, व्याही. आणि रडताना मला हसूही आवरत नव्हतं, कारण चार वेळा मी त्या बंद दाराकडे मान वळवून पाहिलं होतं आणि मला काहीही कळलं नव्हतं. तीन वर्षं मी समजत होतो की मी तुम्हाला इंग्रजी वाचून दाखवायला येतोय. तुम्ही मला अडवून ठेवलं होतं. मी तुमचा फार ऋणाईत आहे म्हणालो तर तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा साधं सांगतो: तुमच्यामुळे मला म्हातारपणी एक मित्र मिळाला, आणि त्याच्याकडे जेवायची लाज गेली.

मी उठलो तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, "आता येसान का नाही भाऊ?"

तर व्याही, मी माफी मागत नाही. मागणारही नाही. गुरुवारी जेवायला येतो.